रात्री अकरा वाजता स्लॅबखाली

एप्रिलच्या अखेरीस जळगावला मामेभावाच्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती. दीड गुंठ्याचा प्लॉट, खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर दोन बेडरूम, गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर. आल्या पाहुण्याला तो आधी गच्चीवर न्यायचा, पॅनेलं दाखवायचा आणि मगच खाली आणून देवघर दाखवायचा. ‘बिल शून्य’ हे दोन शब्द त्या दिवशी मंत्रपुष्पांजलीपेक्षा जास्त वेळा कानावर पडले. जेवणं झाल्यावर वरच्या पश्चिमेच्या खोलीत जरा पाठ टेकायला गेलो. भिंतीला टेकलो आणि सरळ झालो. रात्री अकरा वाजता पुन्हा प्रयत्न केला. बाहेर अंगणात वारा सुटला होता आणि खोलीत मात्र पंखा छताखालची ऊन हवा खाली ढकलत होता. शेवटी गाद्या गच्चीवर गेल्या आणि सोलरच्या स्टँडच्या पायांमध्ये जागा शोधत माणसं झोपली. नव्या कोऱ्या, तीसेक लाखांच्या घराची पहिली रात्र घराबाहेर गेली.

झोप येत नव्हती म्हणून वाद सुरू झाला. मामांचं म्हणणं, “आमचं धाब्याचं घर होतं तेव्हा पंखासुद्धा लागत नव्हता. सिमेंटनं वाट लावली.” साइट इंजिनीयर असलेला भाचा म्हणाला, “आता घरांनाही एनर्जी कोड लावणार म्हणतात. पार्किंग, रेनवॉटर, सोलर गीझर कमी होते का? सामान्य माणसानं घर बांधूच नये काय?” आणि यजमानांचं एकच पालुपद, “वीज फुकट आहे, दोन एसी लावू, हाय काय नाय काय.” अंगणातला हा वाद मला नवा नव्हता. हेच तीन सूर वर्तमानपत्रांत, बिल्डरांच्या मेळाव्यांत, पर्यावरणाच्या चर्चासत्रांत जरा बऱ्या भाषेत ऐकू येतात. तिघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच वाद पुढे सरकत नाही. प्रत्येक जण आपल्या थोड्याशा खऱ्यावर पाय रोवून उभा आहे.

माझं मत आधीच सांगतो. घराची ऊर्जा-कार्यक्षमता बिलापासून मोजायला सुरुवात केली की पुढचं सगळं गणित चुकतं. मे महिन्यात रात्री अकरा वाजता वीज गेली, तर सगळ्यात वरच्या खोलीत माणूस झोपू शकतो का, हा पहिला प्रश्न हवा. त्याचं उत्तर तीन गोष्टींत असतं: छत, पश्चिमेची भिंत आणि खिडक्या. या तिन्हींबाबत किमान दर्जाची सक्ती प्रत्येक नव्या घराला हवी. मोठ्या गृहप्रकल्पांना तर हवीच, पण दीड गुंठ्यातल्या बंगल्याला, रो-हाऊसला आणि सरकारी घरकुलालाही हवी. घर बांधणाऱ्याच्या मर्जीवर हे सोडून चालणार नाही. कारण घर बांधणारा माणूस आयुष्यात एकदाच बांधतो, आणि चूक कळते तेव्हा स्लॅब पडून गेलेला असतो.

कायद्यात आज काय आहे? डिसेंबर २०१८ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरोनं, म्हणजे फ्रिज आणि एसीवर तारे छापणाऱ्या त्याच सरकारी संस्थेनं, घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. कागद चांगला आहे. छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा त्यात आहे. भिंती आणि खिडक्या मिळून किती उष्णता आत सोडतात याचा एक आकडा आहे, आणि तो चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. उघडता येणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र घराच्या चटई क्षेत्राच्या किती टक्के असावं, तेही हवामानानुसार ठरवून दिलं आहे: उष्ण-कोरड्या भागात १० टक्के, मुंबई-रत्नागिरीसारख्या उष्ण-दमट भागात जवळजवळ एक षष्ठांश. हे सगळं वाचून बरं वाटतं. मग खालची ओळ वाचायची: ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी. म्हणजे पाच गुंठे. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि निवासी इमारतींना पहिल्यांदाच कायद्याच्या कक्षेत घेतलं, पण अट कोणती? जोडभार, म्हणजे इमारतीतल्या सगळ्या विजेच्या उपकरणांचा मिळून भार, १०० किलोवॅट. आमच्या मामेभावाचा जोडभार दोन एसी धरूनही पाच-सहा किलोवॅटच्या पुढे जायचा नाही. ही मर्यादा खाली आणायची मुभा राज्यांना आहे. तेलंगणानं २०२३ साली थंड छपरांचं स्वतंत्र धोरण केलं, पण तिथेही सक्ती सरकारी-व्यापारी इमारतींना आणि मोठ्या भूखंडांवरच्या घरांना आहे, छोट्या घरांना सगळं ऐच्छिक. छोट्या घरावर बोजा नको, ही त्यामागची भावना. भावना समजते. पण आपली तालुक्याची आणि जिल्ह्याची गावं कशी वाढतायत ते बघा. एक-दोन गुंठ्यांचे एनए प्लॉट, ओळीनं रो-हाऊस, जुन्या घरावर चढवलेला मजला. ज्या घरांत माणसं राहतात तीच घरं नियमाबाहेर ठेवायची, तर नियम नक्की कोणासाठी केला?

आता त्या स्लॅबकडे वळू, कारण सगळं तिथे अडलंय. जळगाव-नागपूरच्या अक्षांशावर मेच्या अखेरच्या आठवड्यात शून्य सावली दिवस येतो. सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन जवळजवळ पडतच नाही, सगळा मारा छतावर होतो आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर. पाच-सहा इंचांचा उघडा आरसीसी स्लॅब उष्णता अडवायच्या बाबतीत नऊ इंची वीटभिंतीपेक्षाही दुबळा असतो. संहितेनं छतासाठी जी मर्यादा घातली आहे, तिच्या अडीच-तीन पट उष्णता तो आत सोडतो. वर वॉटरप्रूफिंगचा विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, त्यानं थोडा फरक पडतो. पण कोब्याची गंमत अशी की तो उष्णता रोखण्यापेक्षा तिला उशीर करतो. दुपारी दोनची आच खोलीत कित्येक तासांनी उतरते, ऐन रात्री, अंथरूण घालायच्या वेळेला. दिवसा घरात नसलेल्या नोकरदाराला म्हणूनच वाटतं की ‘हल्ली रात्री फार उकडतं’. रात्र तेवढी वाईट नसते, त्याचं छत दुपार साठवून बसलेलं असतं. आणि एसी हवा थंड करतो, पण चाळीस अंशांवर तापलेलं छत अंगावर सरळ आच टाकतच राहतं. मग माणूस रिमोट हातात घेऊन चोवीसचं वीस, विसाचं अठरा करतो. सरकारनं २०२० पासून नव्या एसीची सुरुवातीची खूण २४ अंशांवर आणून ठेवली, चांगलं केलं. पण अठरावर बोट का जातं, ते वर मान करून बघितलं असतं तर कळलं असतं.

पश्चिमेच्या भिंतीबद्दल एक जाता जाता. वास्तुशास्त्रावर ज्यांचा विश्वास आहे ते यजमानाची खोली नैऋत्येला ठेवतात आणि नैऋत्य जड असावी, हेही पाळतात. माझा विश्वास नाही, पण जाड भिंत जिथे हवी तिथेच ती सांगितली आहे, हे मान्य करायला हवं. आपण काय करतो? नैऋत्येला लोखंडी कपाट ठेवून शास्त्र पूर्ण करतो आणि भिंत सहा इंची बांधतो.

सोलरवाल्यांचा मुद्दा सगळ्यात आकर्षक आहे, म्हणून तो आधी घेतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट घेऊन. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान. तेवढ्या पॅनेलांतून दिवसाला बाराएक युनिट मिळतात, बिल खरोखर शून्याच्या जवळ येतं. शिवाय पॅनेलांची सावली स्लॅबवर पडते आणि तेवढा भाग कमी तापतो. हे सगळं खरं आहे आणि सोलर बसवू नका असं कोणी शहाणा म्हणणार नाही. पण पॅनेलं रात्री अकराला काय देतात? काहीच नाही. त्या वेळी एसी चालतो तो महावितरणच्या तारेतून येणाऱ्या विजेवर, म्हणजे बव्हंशी कोळशावर, आणि दिवसा दिलेल्या युनिटांची वजाबाकी कागदावर होते. एकट्या मामेभावापुरतं हे गणित जमतं. गल्लीतल्या सगळ्यांनी हेच केलं की ट्रान्सफॉर्मर बिलाकडे बघत नाही, तो त्या क्षणीच्या भाराकडे बघतो आणि उडतो. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटला जाऊन टेकली. भर दुपारच्या अशा मागणीला सूर्याचीच साथ मिळते, खरी तारांबळ सूर्य मावळल्यावरची. आणि वीज गेली तर? विजेच्या जाळ्याला जोडलेलं साधं सोलर सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतं. बॅटरी नसेल तर भर दुपारीसुद्धा पॅनेलं डोक्यावर आणि पंखा बंद, असा देखावा असतो. मामेभावाला हे माहीत नव्हतं. विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं.

यातला पैशाचा भाग तर मला कळतच नाही. त्याची गच्ची आठशे चौरस फुटांची. कोब्याखाली दीड-दोन इंचांचे इन्सुलेशन बोर्ड, म्हणजे उष्णता अडवणारे हलके तक्ते, टाकले तर चौरस फुटाला साधारण शंभर रुपये जास्त धरा. झाले ऐंशी हजार. सरकार पॅनेलांना जेवढं अनुदान देतं, जवळपास तेवढ्याच पैशात ज्या उष्णतेसाठी ती वीज जाळायची तीच निम्म्याहून खूप कमी करता आली असती. पण बोर्ड कोब्याखाली गाडले जातात. पाहुण्यांना दाखवता येत नाहीत, त्यांच्यासमोर फोटो काढता येत नाही, आणि उद्घाटनाला मंत्री येत नाहीत.

मामांच्या धाब्याच्या घराकडे येतो. हा मुद्दा भावनेचा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. दोन-दोन हात रुंदीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर, छोटे झरोके, मध्ये चौक. हे घर दुपारी गार राहायचं, यात शंका नाही. कोरड्या हवामानाचं ते शेकडो वर्षांत मुरलेलं उत्तर होतं. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. लातूर-उस्मानाबादमध्ये किल्लारी आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि ती ज्या घरांखाली गेली ती हीच गार घरं होती. दगड-मातीच्या जाड भिंती, ज्यांच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना एकमेकांत बांधणारा दगड नव्हता. वर माळवद, गळतं म्हणून दर काही वर्षांनी त्यावर आणखी माती टाकलेली. गारवा देणारं तेच वजन छातीवर आलं. त्यानंतर पुनर्वसनाच्या गावांत पक्की, हलकी घरं उभी राहिली आणि लोक म्हणू लागले, जीव वाचेल पण उन्हाळ्यात बसवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या. म्हणजे प्रश्न ‘जुनं की नवं’ असा नाहीच. जुन्या घराच्या मातीच्या थराचं काम नव्या घरात कोण करणार, हा आहे. आपण माती काढली, ती काढायलाच हवी होती. तिच्या जागी मात्र काहीच ठेवलं नाही. आणि जुन्या घरांच्या गारव्याच्या आठवणी काढणाऱ्यांनी त्याच घरांच्या स्वयंपाकघरातला धूर कोणाच्या डोळ्यांत जात होता, तेही कधी तरी आठवावं. झरोके लहान होते ते उन्हासाठी तसे चोरांसाठीही.

उरला भाच्याचा मुद्दा. तो सर्वांत जड आहे, कारण तो तीन मुद्द्यांचा गठ्ठा आहे: खर्च, कटकट आणि भ्रष्टाचार.

खर्चाचं आधी. गच्चीचे बोर्ड सोडले तर बाकीचं फार महाग नाही. पश्चिमेची भिंत विटांऐवजी आठ इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची, बांधली तर उष्णता निम्म्यावर येते आणि खर्च जवळपास तोच राहतो. आज निम्मे ठेकेदार तसेही तेच ब्लॉक वापरतात, फक्त उष्णतेसाठी नाही, काम लवकर उरकतं म्हणून. खिडक्यांचं तर नवल आहे. सरकती ॲल्युमिनियमची खिडकी चार फुटांची घेतली तरी उघडते दोनच फूट. एक पल्ला सरकून दुसऱ्यामागे जातो, आणखी काय होणार? संहिताही बिजागरीच्या खिडकीला ९० टक्के उघडी धरते आणि दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीला ५० टक्के. आपण गेल्या पंचवीस वर्षांत राज्यभर खिडक्या बदलताना घरांतला अर्धा वारा बंद करून टाकला, आणि त्याला सुधारणा म्हटलं. बिजागरीची खिडकी, आतून जाळी, बाहेरून ग्रिल आणि पश्चिमेला वरच्या छज्ज्यासोबत बाजूला उभी आडोशाची पट्टी. सगळा हिशेब मांडला तर बत्तीस लाखांच्या घरावर लाख-सव्वा लाख जातील. हॉलच्या पीओपी आणि झुंबरावर हल्ली याहून फार कमी जात नाहीत. तरीही लाख म्हणजे लाख, कर्ज काढून बांधणाऱ्याला तो जाणवतो, हे मी नाकारत नाही. पण ते न खर्चून वाचतं काय? दुसरा एसी, त्याची वीज, दर तीन वर्षांची गॅस भरणी. आणि ज्याला दुसरा एसी परवडत नाही, त्याची झोप.

शिवाय खर्च कोणाचा आणि त्रास कोणाचा, हेही बघायला हवं. प्लॉटवर चार खोल्यांची चाळ बांधून भाड्यानं देणारा मालक छतावर बोर्ड कशाला टाकेल? तापणार भाडेकरू, बिल भरणार भाडेकरू. सात मजली इमारतीतल्या सातव्या मजल्याचा फ्लॅट बिल्डर ‘व्ह्यू’ सांगून विकतो, छत कसं आहे हे विचारायचं कोणाला सुचत नाही. जिथे निर्णय घेणारा एक आणि भोगणारा दुसरा, तिथे बाजार आपोआप चांगलं घर देईल अशी आशा कशी धरायची? मग गरिबाच्या नावानं या नियमाला विरोध होतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. ग्रामीण आवास योजनेचं घरकुल २५ चौरस मीटरचं, सपाट भागात त्याला १ लाख २० हजार मिळतात, आणि त्यात बहुतेक वेळा पत्रा किंवा उघडा स्लॅब येतो. या घरात एसी कधीच येणार नाही. म्हणजे छताच्या दर्जाची गरज सगळ्यात जास्त इथे आहे आणि पैसे सगळ्यात कमी इथे आहेत. याचा निष्कर्ष ‘गरिबाला नियमातून वगळा’ असा कसा निघतो? सरकारनं त्या छताचे जादा पैसे द्यावेत, असा निघायला हवा. पॅनेलांना देता येतात, तर छताला का नाही?

नियमांनी घरं महाग होतात, ही तक्रार आपल्याकडे सव्वाशे वर्षं जुनी आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. अंधाऱ्या, कोंदट, एकमेकींना खेटून उभ्या चाळींतून तो पसरला, आणि १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टनं एक विलक्षण नियम रूढ केला: खोलीच्या खिडकीपासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेषा काढली तर ती मोकळ्या आकाशाला भिडली पाहिजे. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, किमान तिच्या निम्म्याइतकी मोकळी जागा मध्ये हवी. जमिनीचा इंच-इंच भाड्यानं देणाऱ्या घरमालकांना हा नियम गोड लागणं शक्यच नव्हतं. आज ट्रस्टनं आखलेल्या दादर-माटुंग्याच्या वस्तीत फिरताना, दोन इमारतींमधल्या मोकळ्या पट्ट्यातून येणारा उजेड आणि वारा बघताना, त्या नियमानं किती रुपये वाढले असं कोणी विचारत नाही. अर्थात या ट्रस्टची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्यानं गलिच्छ म्हणून भराभर वस्त्या पाडल्या आणि पाडलेल्या घरांतल्या गरिबांची सोय तेवढ्या प्रमाणात कधीच केली नाही. उभ्या घरांवर नियमाचा हातोडा चालवला की काय होतं, ते तिथे दिसलं. म्हणूनच मी जुन्या घरांबद्दल बोलत नाही. ज्याचा पाया अजून खणायचा आहे, त्याच घराबद्दल बोलतो आहे. तिथे कोणाचंही काही पाडायचं नाही.

भ्रष्टाचाराचं काय? इथे भाच्याचं म्हणणं मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. गावोगावी गच्च्यांवर अशा सोलर गीझरच्या टाक्या आहेत ज्यांना भोगवटा प्रमाणपत्रापुरतंच पाणी लागलं होतं. पावसाच्या पाण्याचे खड्डे नकाशावर आहेत, अंगणात तुळशीवृंदावन आहे. त्यात संहितेचा तो १५ वॉटचा आकडा काढायला भिंतींचं क्षेत्र, दिशा, काचेचा प्रकार असं सगळं घालून गणित करावं लागतं. दीड गुंठ्याच्या घरासाठी हे गणित कोण करणार? एखादा ठरलेला सल्लागार, ठरलेली फी, आणि प्रत्येक फाइलमध्ये तोच आकडा. आणि तो आकडा आहे भिंतींची सरासरी, छत त्यात धरलेलंही नाही, त्याची मर्यादा वेगळी. सरासरीत पूर्व-उत्तरेच्या भिंती पश्चिमेच्या भिंतीला सांभाळून घेतात, कागद पास होतो आणि पश्चिमेच्या खोलीत झोपणारी म्हातारी मात्र सरासरीत झोपत नाही. म्हणून छोट्या घरांना गणित नकोच. डोळ्यांनी दिसेल आणि टेपनं मोजता येईल असे तीनच नियम हवेत. कोबा टाकण्याआधी स्लॅबवर अमुक जाडीचे बोर्ड, पश्चिमेची भिंत अमुक ब्लॉकची, आणि प्रत्येक झोपायच्या खोलीला दोन बाजूंनी उघडणारी, टक्केवारीत बसणारी खिडकी. कोकणात पहिला नियम सैल आणि तिसरा कडक, कारण तिथे घामाला वारा हवा असतो. विदर्भ-खानदेशात पहिला सर्वांत कडक.

आणि तपासायचं कोणी? नगरपालिकेच्या ओव्हरसियरवर भिस्त ठेवायची नसेल तर दुसरं कोणी आहे का? आहे की. गृहकर्जाचा हप्ता बँक टप्प्याटप्प्यानं सोडते: जोतं झालं की एक, स्लॅब पडला की एक, प्लॅस्टर झालं की एक. दर टप्प्याला बँकेचा माणूस येऊन बघून जातो, कारण पैसे बँकेचे असतात. घरकुलाचेही हप्ते टप्प्यांच्या फोटोंवरच सुटतात, आणि त्या फोटोंवर जागेचे अक्षांश-रेखांश असतात. या साखळीत ‘स्लॅबवर बोर्ड टाकले, कोबा बाकी’ असा एक टप्पा, एक फोटो घालायला नवं खातं लागत नाही. खोटे फोटो निघतील? काही निघतील. तेवढ्यासाठी खऱ्यांनाही मोकळं सोडायचं का?

एक युक्तिवाद अर्थशास्त्रवाल्यांचा. १८६५ मध्ये जेव्हन्स या इंग्रजानं दाखवलं होतं की वाफेची इंजिनं सुधारली तसा कोळसा कमी नव्हे, जास्त जळू लागला. घर चांगलं झालं की लोक एसी आणखी चालवतील, वाचलेली वीज उडवतील, असं त्यावरून म्हटलं जातं. असेल. पण माझं माप युनिटांचं नाहीच, झोपेचं आहे. छत चांगलं झाल्यावर कोणी त्याच पैशात दोन तास जास्त गारव्यात झोपला, तर त्यात वाईट काय झालं?

आणि उशिराची किंमत बघायची असेल तर इंग्लंडकडे बघावं. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या सरकारनं जाहीर केलं की २०१६ पासून प्रत्येक नवं घर शून्य-कार्बन असेल. तिथला प्रश्न उलटा, थंडीचा, पण धडा तोच. बांधकामवाल्यांना तयारीला दहा वर्षं मिळाली होती. जुलै २०१५ मध्ये, अंमलाला काही महिने उरले असताना, घरं भराभर बांधायची आहेत या कारणानं ते सगळं रद्द झालं. सात वर्षांत गॅसचे भाव कडाडले, आणि मधल्या काळात बांधलेल्या घरांतली माणसं ‘नव्या’ घरात बसून जुन्या पद्धतीची बिलं भरू लागली. त्या भिंती आता पुन्हा उघडून सुधारायच्या, तर सुरुवातीला लागला असता त्याच्या कितीतरी पट खर्च. आपल्याकडे हे आणखी कठीण आहे. कोबा आणि वॉटरप्रूफिंग फोडायचं म्हणजे गळतीला आमंत्रण. खिडकी मोठी करायची तर लिंटेल आडवा येतो. पश्चिमेच्या भिंतीबाहेर शेजाऱ्याची हद्द दीड हातावर.

मामेभावानं जूनच्या आधी गच्चीवर पांढरा रंग मारून घेतला. स्वस्तातला उपाय तोच होता आणि तो बऱ्यापैकी चालतो, निदान पहिल्या पावसाचं शेवाळ चढेपर्यंत. दरवर्षी घासून पुन्हा मारावा लागणार, तेही पॅनेलांखाली वाकून. परवा पुन्हा गेलो होतो. शेजारच्या प्लॉटवर स्लॅबचं सेंटरिंग लागलं होतं, सळई बांधून झाली होती, मिक्सर सकाळी येणार होता. मालक उत्साहानं फिरून दाखवत होते. नैऋत्येला मास्टर बेडरूम, मोठी सरकती खिडकी, वर तीन किलोवॅट. मी त्यांना कोब्याखालच्या बोर्डांचं सांगितलं, खर्चही सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ठेकेदाराकडे एकदा बघितलं आणि मला विचारलं, “कंपल्सरी आहे का?”

नाही, म्हटलं.